देवळाईचे रो हाऊस आणि बीड बायपासचा फ्लॅट : आकार, दर आणि बांधकाम यांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, सातारा-देवळाई परिसरात आणि बीड बायपासच्या दोन्ही अंगांना, सध्या बरीच नवी घरे विक्रीला आहेत. त्यांतील दोन घरांचे हे परीक्षण आहे. पहिले देवळाई भागातील रो हाऊस असून ते आठ घरांच्या एका छोट्या योजनेत आहे. दुसरा बीड बायपासलगतच्या चाळीस सदनिकांच्या इमारतीतील दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दोन्ही ठिकाणी काम शेवटच्या टप्प्यात आहे, मात्र भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, अद्याप मिळालेले नाही. आमचे कुटुंब पाच माणसांचे आहे आणि आम्हाला यांपैकी एक घर घ्यायचे होते, म्हणून ही तपासणी आम्ही मनापासून केली. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सरकारी बांधकामांवर उपअभियंता होते व आता निवृत्त आहेत. तांत्रिक बाबींत त्यांच्या नजरेचा मला फार उपयोग झाला. दोन्ही विकासकांची नावे येथे देत नाही, कारण जे दोष आणि जे गुण पुढे येतील ते या भागातील बहुतेक बांधकामांत थोड्याफार फरकाने आढळतात.

प्रथम जाहिरातीतील आकडे. रो हाऊस '१,४५० चौरस फूट, तीन बेडरूम, ५८ लाख' असे सांगून विकले जात आहे, म्हणजे दर ४,००० रुपये चौरस फूट पडतो. फ्लॅट '९३० चौरस फूट, दोन बेडरूम, ४४ लाख ५० हजार' असा आहे व त्याचा दर ४,७८५ रुपये येतो. एवढीच माहिती घेऊन घरी बसलेला कोणीही माणूस म्हणेल की रो हाऊस चौरस फुटाला जवळजवळ आठशे रुपयांनी स्वस्त आहे, शिवाय एक खोली जास्त आहे, वर गच्ची आणि पायाखाली स्वतःची जमीन आहे. मग फ्लॅटचा विचार कशाला करायचा? आमच्या घरातही पहिली चर्चा याच वळणाने गेली आणि आईने तर देवघर कोठे बसवायचे तेही मनाशी ठरवून टाकले होते.

पण १,४५० हा आकडा कशाचा आहे, हे विचारल्याशिवाय त्या दराला काही अर्थ नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण सगळे 'रेरा' म्हणतो, चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट केली आहे : घराच्या आतील वापरता येणारी फरशीची जागा आणि आतल्या भिंतींखालची जागा त्यात धरायची, बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी, व्हरांडा आणि खुली गच्ची त्यात धरायची नाही. फ्लॅटच्या बाबतीत हे क्षेत्र करारनाम्याच्या मसुद्यातच ६९० चौरस फूट असे लिहिलेले होते. आम्ही टेप लावून खोली-खोली मोजली, तेव्हा आकडा त्याच्याशी जुळला. रो हाऊसच्या कागदावर मात्र असा आकडा कोठेच नव्हता. विक्रीसाठी बसलेल्या मुलाने 'साहेब, बिल्टअप चौदाशे पन्नास आहे' एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले. मोजल्यावर लक्षात आले की त्या आकड्यात बाहेरच्या नऊ इंची भिंती, पुढचा पोर्च, मागची धुण्या-भांड्याची जागा, वरची बाल्कनी, जिना आणि जिन्यावरची टोपीसुद्धा आहे. जिना वगळून खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि आतल्या भिंती एवढेच धरले तर रो हाऊस ९६० चौरस फुटांचे भरते.

आता दर पुन्हा काढावा. ५८ लाखांना ९६० ने भागले तर ६,०४२ रुपये येतात आणि ४४ लाख ५० हजारांना ६९० ने भागले तर ६,४४९. आठशेचा फरक चारशेवर आला.

एवढ्यावर हिशेब संपत नाही, कारण घराची किंमत म्हणजे विकासकाला द्यायची रक्कम नव्हे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो आणि एप्रिल २०१९ पासून त्याचे दोन दर आहेत. महानगरांबाहेरच्या शहरांत चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फुटांपर्यंत असेल आणि पार्किंगसह एकूण रक्कम ४५ लाखांच्या आत असेल, तर ते घर परवडणाऱ्या वर्गात मोडते व त्यावर १ टक्का कर बसतो. इतर घरांवर ५ टक्के. आपले शहर या हिशेबात महानगर नाही. त्यामुळे फ्लॅटवर ४४,५०० रुपये जीएसटी येतो, तर रो हाऊसवर तब्बल २ लाख ९० हजार. महापालिका हद्दीतील ६ टक्के मुद्रांक शुल्क धरले तर फ्लॅटला २ लाख ६७ हजार व रो हाऊसला ३ लाख ४८ हजार लागतात, आणि नोंदणी फी दोन्हीकडे कमाल मर्यादेइतकी म्हणजे ३० हजार. (घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. ती अवश्य घ्यावी, आणि केवळ पैसे वाचतात म्हणून नव्हे.) सगळी बेरीज केली असता रो हाऊस ६४ लाख ६८ हजारांना पडते आणि फ्लॅट ४७ लाख ९१ हजार ५०० रुपयांना. वापरातील चौरस फुटामागे रो हाऊस ६,७३८ रुपये, फ्लॅट ६,९४४ रुपये. जाहिरातीत जो फरक ७८५ रुपयांचा दिसत होता, तो आता सुमारे २०६ रुपयांचा राहिला. रो हाऊसच्या ९६० चौरस फुटांवर तो पसरला तर होतात जेमतेम दोन लाख.

आमच्या दृष्टीने खरे परीक्षण येथून सुरू होते : या दोन लाखांच्या कथित बचतीत बांधकाम कोणत्या प्रतीचे मिळते?

मराठवाड्यात घराचा विचार मातीपासून करावा लागतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती उत्तम, पण घराच्या पायाला वैरी. तिच्याखाली कोठे चार फुटांवर, कोठे दहा-बारा फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा खडक. पाया त्या कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला, जोत्यातील, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतच्या उंचवट्यातील, भरावासाठी बाहेरून मुरूम आणून तो थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकला आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून उताराचा पक्का पट्टा केला, की या मातीचा त्रास बहुतांशी टळतो. यातील एक पायरी जरी गाळली तरी चार-पाच वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात, फरशी खचते आणि दारे चौकटीत अडकू लागतात. एक गोष्ट सामान्य ग्राहकाच्या लक्षात येत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो : फुगणाऱ्या मातीचा धोका उंच इमारतीपेक्षा हलक्या, एक-दोन मजली घराला जास्त असतो, कारण माती वर उचलू लागली तर तिला दाबून धरण्याइतके वजनच त्या घरात नसते. शिवाय उंच इमारतीचे कॉलम कठीण थरापर्यंत नेल्यावाचून गत्यंतर नसते. रो हाऊसच्या पायात काटकसर करण्याचा मोह होतो आणि ती काटकसर जमिनीखाली झाकली जाते.

फ्लॅटच्या इमारतीत आम्ही मातीच्या तपासणीचा अहवाल मागितला, तेव्हा तो दाखवण्यात आला आणि पायाच्या खोदाईची छायाचित्रेही मिळाली. त्यांत खडक स्पष्ट दिसत होता. रो हाऊसच्या ठिकाणी अहवाल नव्हता. 'मुरमापर्यंत घेतलंय' असे तोंडी उत्तर मिळाले. ते खरेही असेल, परंतु शेवटच्या दोन घरांच्या जोत्यात अजून फरशी बसायची होती आणि तेथे भराव म्हणून टाकलेली माती दाजींनी मुठीत घेऊन दाबली तेव्हा ती काळी, चिकट आणि ढेकळांची निघाली. पायातून निघालेली मातीच उलटून जोत्यात भरली होती. जोत्याची उंचीही रस्त्यापासून जेमतेम सव्वा फूट आहे. या भागातले रस्ते अजून व्हायचे आहेत आणि नवा रस्ता प्रत्येक वेळी जुन्यापेक्षा वर येतो, हे ज्याने शहरात घर बांधले आहे त्याला ठाऊक असते. तसे झाले तर पावसाचे पाणी पोर्चमध्ये शिरेल, जोत्याखालच्या त्याच काळ्या मातीत मुरेल आणि ती फुगेल.

आपल्या भागात बांधकामाच्या गुणवत्तेचा विषय निघाला की किल्लारीची आठवण येणे अटळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्याची तीव्रता ६.२ इतकी होती, आणि तोपर्यंत तो प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. माणसे मेली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद अंगावर कोसळून. त्यानंतर पुनर्वसित गावांत कुटुंबाच्या जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. आकारावरून त्या वेळी वाद झाले, घरे आपल्या राहणीला साजेशी नाहीत अशा तक्रारी झाल्या, आणि त्यांत तथ्यही होते. पण २५० चौरस फुटांचे घर आणि ७५० चौरस फुटांचे घर या दोघांनाही भूकंपाचा धक्का सोसण्याची कसोटी लावलेली होती. घराचा आकार कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे लहान-मोठा असू शकतो, मजबुतीला तसे लहान-मोठेपण नाही. संभाजीनगर लातूरच्या मानाने कमी धोक्याच्या क्षेत्रात येते हे मला ठाऊक आहे; तरीही कॉलम-बीमच्या जोडात उभ्या-आडव्या सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा किती अंतरावर बांधल्या आहेत हे विचारण्याची सवय मराठवाड्यातल्या माणसाला असायला हवी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी कसोटी पाण्याची, आणि येथे मला बांधकामावरचे पाणी म्हणायचे आहे. सिमेंटला ताकद पाण्याने येते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, कोरड्या व उष्ण हवेत किमान दहा दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत ओलावा ठेवावा असे सांगितले आहे. आपल्याकडे बहुतेक साइटवर राखमिश्रित पीपीसी सिमेंटच वापरले जाते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि नेमका त्याच काळात कामाचा जोर असतो व पाण्याचा टँकर महाग होतो. परिणामी जे पाणी स्लॅबला आणि गिलाव्याला मिळायला हवे, ते वाचवले जाते. स्लॅब कोणत्या महिन्यात भरला हा प्रश्न म्हणूनच दराच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. रो हाऊसच्या साइटवरील राखणदाराला दाजींनी आडवळणाने न जाता विचारले, "मामा, वरच्या स्लॅबवर पाणी किती दिवस धरलं होतं?" त्या भल्या माणसाने सरळ उत्तर दिले, "टँकर आला की मारायचो साहेब, नाही आला तर कुठून मारणार?" स्लॅब मे महिन्यात पडला होता. फ्लॅटच्या इमारतीतील वरचे स्लॅब पावसाळ्यानंतर भरलेले आहेत. तेथे आळी करून पाणी भरल्याच्या खुणा स्लॅबवर अजून दिसतात, आणि कॉलमना गुंडाळलेले गोणपाट एका कोपऱ्यात पडलेले होते.

या गोष्टी घर पाहायला गेलेल्या कोणालाही तपासता येतात आणि त्यासाठी अभियंता असावेच लागते असे नाही. रंग न दिलेल्या भिंतीवर किल्लीने रेघ ओढावी; गिलाव्याला पाणी मिळाले असेल तर पांढरा ओरखडा उठतो, मिळाले नसेल तर पीठ झडते. रो हाऊसच्या मागच्या भिंतीवर पीठ झडले. कॉलमच्या बुडाशी खडी उघडी पडून पोकळ जागा राहिल्या आहेत का ते पाहावे. त्या वरून सिमेंट फासून बुजवलेल्या असतात, पण रंगातील फरक लपत नाही. कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर आणि स्लॅबच्या सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असायला हवे. पोर्चच्या स्लॅबखाली जर गंजाच्या तांबूस रेषा आताच दिसत असतील, तर ते आवरण राहिलेले नाही असे समजावे. फरशीवर नाण्याने ठोकत जावे आणि पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करावी. फ्लॅटच्या हॉलमध्ये अशा पाच-सहा फरश्या निघाल्या, ही त्या घराची उणीव आहे आणि आम्ही ती लेखी कळवली. रो हाऊसमध्ये जिन्याच्या पायऱ्यांचे कडप्पे पोकळ वाजले.

भिंतींविषयीही लिहिणे आवश्यक आहे. रो हाऊसला बाहेरून नऊ इंची विटांची भिंत आहे आणि ती भक्कम आहे. फ्लॅटला सहा इंची हलक्या ब्लॉकची. हे ब्लॉक उष्णता कमी आत घेतात, परंतु ब्लॉकची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जेथे मिळतात तेथे जाळी न मारता गिलावा केला, तर उभी चीर पडल्याशिवाय राहत नाही. फ्लॅटमध्ये जाळी मारलेली आम्ही वरच्या मजल्यावर, गिलावा होण्याआधी, स्वतः पाहिली. विटांच्या भिंतीचे गुण मात्र रो हाऊसच्या छताने घालवले आहेत. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही बेडरूम थेट तापणाऱ्या स्लॅबखाली आहेत, त्यांतील मोठी खोली पश्चिमेला आहे आणि स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी यांपैकी काहीही नाही. नुसता सिमेंटचा थर दिला आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्या खोलीत उभे राहवत नव्हते. भर म्हणून समोरचा देखावा आधुनिक दिसावा यासाठी खिडक्यांवरचे छज्जेच काढून टाकले आहेत. दीड-दोन फुटांचा छज्जा ही आपल्या उन्हाची आणि परतीच्या तिरक्या पावसाची साधी, स्वस्त आणि पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली व्यवस्था आहे, आणि नव्या घरांतून ती ज्या सहजतेने हद्दपार होत आहे त्याचे मला मनापासून वाईट वाटते. खिडक्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या असल्याने कोणत्याही वेळी निम्मीच खिडकी उघडते, म्हणजे हवाही निम्मीच.

खोल्यांच्या संख्येबद्दलही असाच सावधपणा हवा. रो हाऊसची तिसरी बेडरूम आठ फूट बाय नऊ फूट आहे. सहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट ठेवल्यावर तेथे माणसाला आडवे होऊन चालावे लागेल. ती अभ्यासाची खोली म्हणून ठीक आहे, पण तिचे पैसे बेडरूमचे घेतले आहेत. फ्लॅटच्या दोन्ही बेडरूम दहा बाय बारा आणि अकरा बाय बारा आहेत. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र फ्लॅट उणा आहे : ओटा एका भिंतीपुरताच, फ्रीज हॉलच्या तोंडाशी, आणि बाहेरची ड्राय बाल्कनी इतकी अरुंद की धुण्याचे यंत्र ठेवले तर दार पूर्ण उघडत नाही. वर्षाचे धान्य आणि डाळी भरून ठेवण्याची पद्धत ज्या घरात आहे, त्यांना तेथे कोठीची जागा शोधावी लागेल. सणावाराला गावाकडची माणसे मुक्कामाला आली तर ६९० चौरस फुटांत दाटी होणार, हेही मान्य केले पाहिजे.

पाणीपुरवठ्यात फ्लॅटची बाजू आणखी लंगडी आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सर्वसाधारण निकष धरला तर पाच माणसांच्या कुटुंबाला ६७५ लिटर लागतात, आणि चाळीस कुटुंबांना २७ हजार. इमारतीची जमिनीखालची टाकी ६० हजार लिटरची आहे, म्हणजे सव्वादोन दिवसांची सोय. पैठणचे जायकवाडी धरण काठोकाठ भरलेले असतानाही ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्या शहरात ही टाकी अपुरी आहे. बोअर आहे असे सांगतात. ते मे महिन्यात किती पाणी देते ते सांगत नाहीत. पुढे टँकरचा खर्च देखभाल शुल्कातून सगळ्यांच्या माथी येईल. रो हाऊसच्या पोर्चखाली ५ हजार लिटरची आणि वर १ हजार लिटरची टाकी आहे, त्यामुळे एका कुटुंबाचे जवळजवळ नऊ दिवस निभतात. ही सोय उत्तम आहे, मात्र त्या गल्लीत महापालिकेची जलवाहिनी अजून आलेली नसल्याने टाकी भरायची टँकरनेच.

वायरिंग, नळ आणि रंग यांत दोन्ही घरे सारखीच, म्हणजे मध्यम आहेत.

कागदपत्रांत फरक मोठा आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा घरे आठपेक्षा जास्त नाहीत, त्याला रेरा नोंदणीची सक्ती नाही. रो हाऊसची योजना आठच घरांची ठेवण्यामागे हाच हेतू होता की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु परिणाम असा की महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तिचा मंजूर नकाशा, जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल किंवा कामाची प्रगती यांपैकी काहीही पाहता येत नाही. फ्लॅटच्या प्रकल्पाचे हे सर्व तेथे उपलब्ध आहे. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत किंवा कारागिरीत दोष निघाला तर तो विकासकाने ३० दिवसांत, पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा असतो. रो हाऊससाठी आमच्याकडे पंचवीस टक्के रक्कम 'इसार' म्हणून आधी मागण्यात आली होती. आम्ही दिली नाही.

रो हाऊसच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा जमिनीचा आहे आणि तो टाळून परीक्षण पूर्ण होणार नाही. २० बाय ४५ फुटांचा भूखंड स्वतःच्या नावावर होतो, नियमात बसेल तर पुढे मजला चढवता येतो, लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च नाही, दारात तुळस आणि मोगरा लावता येतो, आणि वीस वर्षांनी इमारत जुनी झाली तरी जमिनीचे मोल राहते. ज्यांना गावाकडून येऊन शहरात अंगण हवे आहे त्यांची ओढ मी समजू शकतो. माझ्या आईची ओढ तीच होती. परंतु त्यासाठी आज १६ लाख ७६ हजार रुपये जास्त मोजावे लागतात. हा फरक साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जातून उभा केला तर हप्त्यात दरमहा सुमारे साडेचौदा हजारांची भर पडते. त्यावर गच्चीचा कोबा व पाणीरोधक काम, नव्याने छज्जे, घराभोवतीचा पट्टा आणि मागच्या भिंतीचा गिलावा पुन्हा करणे, यांचा दाजींनी काढलेला अंदाज दोन लाखांच्या आसपास जातो. चौरस फुटाच्या हिशेबात जे दोन लाख वाचत होते, ते एवढ्यातच संपतात, आणि जोत्यातील काळ्या मातीचा प्रश्न तसाच राहतो, कारण फरशी उखडल्याशिवाय ती बदलता येत नाही.

त्यामुळे माझा अभिप्राय असा आहे. हे रो हाऊस आजच्या स्थितीत ५८ लाखांना घेऊ नये. शेवटच्या ज्या दोन घरांत फरशी बसलेली नाही, तेथे विकासक जोत्यातील माती काढून मुरूम भरण्यास लेखी तयार झाला, जोत्याची उंची निदान दोन-अडीच फूट केली आणि गच्चीचे काम स्वखर्चाने केले, तर मोठे कुटुंब आणि पुरेसे उत्पन्न असणाऱ्यांनी त्यांचा विचार करावा. उरलेल्या सहा घरांचा करू नये. फ्लॅट लहान आहे, त्याचे स्वयंपाकघर कमी पडते आणि पाण्याची टाकी अपुरी आहे, तरीही त्याचा पाया, स्लॅब, भिंती आणि कागद यांवर विश्वास ठेवता येतो, आणि ४४ लाख ५० हजार ही त्याची वाजवी किंमत आहे असे मला वाटते.

आम्ही तोच घेत आहोत, मात्र काही अटींवर. पोकळ फरश्या ताब्यापूर्वी बदलून मिळतील असे विकासकाने लिहून दिले आहे. आणखी ५० हजार लिटरची टाकी पार्किंगखाली बांधण्याची मागणी आम्ही आणि इतर काही ग्राहकांनी मिळून केली असून, ती सामायिक सुविधांच्या यादीत करारनाम्यातच घालावी असा आमचा आग्रह आहे. तोंडी होकार आला आहे, मसुद्यात ओळ यायची आहे, आणि ती येईपर्यंत आम्ही सही करणार नाही. मजला निवडताना पाचवा, म्हणजे सर्वांत वरचा, आणि पश्चिमेकडील फ्लॅट थोडे स्वस्त सांगितले जातात. वरच्या मजल्यावर स्लॅबची उष्णता व गळतीची शक्यता आणि पश्चिमेला भिंतीचा ताप, यांचे मोल त्या सवलतीपेक्षा जास्त आहे, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा पूर्वेकडील फ्लॅट आम्ही मागितला आहे.